ज्यांनी लांडगे संपवायला सांगितलं, तेच पुढे वन्यजीव व्यवस्थापनाचे जनक ठरले

एखाद्या जंगलात हरणं किती असावीत? त्यांना खायला पुरेल का? जास्त झाली तर काय करायचं? वन्यजीव शास्त्रज्ञाला रोज अशा प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. या कामाला शास्त्राची बैठक दिली अमेरिकेच्या आल्डो लिओपोल्ड यांनी. पण त्यांची सुरुवात मात्र उलट्या टोकापासून झाली होती.

लिओपोल्ड यांचा जन्म 1887 मध्ये आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा. येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकून 1909 मध्ये ते सरकारी वनखात्यात लागले आणि नेमणूक झाली अ‍ॅरिझोनात. तेव्हा हिशेब सोपा होता. लांडगे हरणं खातात, म्हणजे लांडगे कमी झाले की शिकाऱ्यांना हरणं जास्त. लिओपोल्डही याच मताचे होते. एकदा सहकाऱ्यांसोबत त्यांनी लांडग्यांच्या कळपावर गोळ्या झाडल्या आणि मरणाऱ्या म्हाताऱ्या मादीच्या डोळ्यांतली चमक विझताना जवळून पाहिली. पण त्या दिवशी त्यांचं मत बदललं असं मुळीच नाही. पुढची कित्येक वर्षं ते लांडगे आणि पहाडी सिंह संपवण्याच्याच बाजूने बोलत राहिले.

धडा मिळाला तो न्यू मेक्सिकोत. तिथल्या गिला जंगलाचा मोठा भाग रस्त्यांशिवाय राखावा यासाठी लिओपोल्ड यांनीच पाठपुरावा केला होता. 1924 मध्ये ते मान्यही झालं. पण शिकारी प्राणी संपले होते, त्यामुळे काही वर्षांतच हरणं वाढली. ती कमी करायला बंदूकधारी शिकारी आत पोहोचायला हवेत म्हणून त्याच राखीव जंगलातून रस्ता काढला गेला. जे वाचवलं, ते स्वतःच्याच चुकीच्या सल्ल्याने दुभंगलं.

पुढे अनेक राज्यं फिरून त्यांनी शिकारीच्या प्राणी-पक्ष्यांची पाहणी केली. 1933 मध्ये 'गेम मॅनेजमेंट' हे पाठ्यपुस्तक आलं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या विषयाचं प्राध्यापकपद दिलं. नुसती शिकारबंदी किंवा प्राणी आणून सोडणं पुरत नाही, हे त्यांचं मुख्य सांगणं. अन्न, पाणी, लपायला जागा हे सगळं प्राण्याच्या रोजच्या फिरण्याच्या टप्प्यात हवं. जमीन जेवढी पोसू शकते, त्याहून प्राणी वाढले तर आधी झाडोरा संपतो, मग प्राणी उपाशी मरतात.

हे वर्गात सांगणं सोपं होतं, लोकांना पटवणं अवघड. 1943 मध्ये ते विस्कॉन्सिनच्या संवर्धन आयोगाचे सदस्य झाले. उत्तरेकडच्या जंगलात हिवाळ्यात हरणं भुकेने मरत होती. फक्त नर मारून संख्या घटत नाही, माद्यांच्या शिकारीलाही परवानगी द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्या हंगामात लाखाहून जास्त हरणं मारली गेली आणि लोक खवळले. लिओपोल्ड यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढच्या वर्षीपासून पुन्हा फक्त नरांचीच शिकार सुरू झाली. हरणांचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही.

दुसरीकडे एक काम मात्र शांतपणे चालू होतं. 1935 मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक कस गेलेली शेतजमीन घेतली होती. कोंबड्यांचं जुनं खुराडं साफ करून त्याची राहण्याजोगी खोली केली. पत्नी एस्टेला आणि पाच मुलांसह ते दर वसंतात तिथे पाइनची हजारो रोपं लावत. दुष्काळात बरीचशी वाळत, की पुढच्या वर्षी पुन्हा खड्डे. कोणतं फूल कधी फुललं, कोणता पक्षी कधी परतला, याच्या तारखाही वहीत टिपल्या जात.

21 एप्रिल 1948 रोजी शेजारच्या शेतातलं गवत पेटलं. ते विझवायला धावलेल्या लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि वयाच्या 61 व्या वर्षी ते गेले. आठवडाभरापूर्वीच त्यांच्या निबंधसंग्रहाला प्रकाशकाचा होकार आला होता. 1949 मध्ये 'अ सँड काउंटी अल्मनॅक' नावाने तो प्रसिद्ध झाला. लांडग्याची गोळी, उपाशी हरणं आणि बोडके डोंगर यांचा संबंध त्यांनी त्यात स्वतःच्या चुकीसकट मांडला आहे.