धुऱ्यावर गंजत पडलेला लोखंडी नांगर आणि चित्रकार व्हायला निघालेला माणूस

अकोला-अमरावतीकडच्या कुठल्याही जुन्या वाड्यात जा. कोठ्यामागे नाहीतर शेताच्या धुऱ्यावर गंजलेलं लोखंड पडलेलं असतं. वाकड्या पाटीचा नांगर, मोठ्या चाकाचं कडबा कापायचं यंत्र, नाहीतर विहिरीवरचं बंद पडलेलं इंजिन. नेमकं काय आहे हे घरातल्या नव्या पिढीला माहीत नसतं. मग भंगारवाला येतो, काटा लावतो आणि विषय संपतो.

पण यातल्या बऱ्याच वस्तूंचा माग काढला की एकाच माणसापाशी पोहोचतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरमध्ये त्यांचा जन्म झाला. अभ्यासात मन रमेना, म्हणून चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने खेळ खल्लास! पण यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागत नाहीत. ते त्यात तरबेज झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी सरळ राजीनामा दिला.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांसोबत सायकलीचं दुकान होतंच. तिथेच छोटा कारखाना टाकून त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

आणि नांगर कुणी घेईना.

लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आज हसू येतं, पण तेव्हाच्या शेतकऱ्याला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. एक हंगाम हातचा गेला तर घर बसणार, मग धोका कोण पत्करणार? शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार बनवायचा आणि दुरुस्तही करायचा. लोखंडी नांगर मोडला तर जायचं कुठे? पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली.

जरा जम बसतो न बसतो, तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितलं. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, वर १० हजार रुपयांचं कर्जही. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले, अशी हकिकत आजही सांगितली जाते.

वऱ्हाडात गोष्ट आणखी वेगळी होती. इथल्या काळ्या जमिनीत मुख्य अवजार वखर. नांगर दरवर्षी चालायचा नाही. हरळी-कुंदा फार माजला की काही वर्षांनी खोल नांगरट व्हायची. अशा वेळी बैलांच्या अनेक जोड्या जुंपलेला जड लोखंडी नांगरच कामाला यायचा. त्यामुळे तो वर्षानुवर्षं नुसता उभा राहायचा आणि ट्रॅक्टर आल्यावर धुऱ्यावर गेला.

तो ओळखायचा कसा? लाकडी नांगराला लोखंडाचा फक्त फाळ असतो. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे पिळदार पाटी असते, ती माती उलटी पाडते. ओतीव भागाचा तुकडा उडालेला असेल तर मोडलेली जागा करडी, दाणेदार दिसते. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. कडबा कापायच्या यंत्राची खूण म्हणजे हाताने फिरवायचं मोठं चाक आणि त्याच्या आऱ्यांवर बसवलेली धारदार पाती.

आणि अक्षरं शोधा. सगळंच लोखंड किर्लोस्करांचं नसतं; इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचे नांगरही त्या काळी इथे विकले जायचे. कारखान्याचं नाव किंवा नंबर पुष्कळदा ओतकामातच उठवलेला असतो. रॉकेल लावून मऊ ब्रशने गंज काढा. ग्राइंडर मात्र लावू नका, पहिल्याच फटक्यात नाव जाईल.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर किर्लोस्करांचे पंप आणि इंजिनं गावोगावच्या विहिरींवर धडधडायला लागली होती. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढलं. त्याच वर्षी अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं.

भंगाराच्या काट्यावर नांगर आजही किलोनेच जातो, पाटीवर नाव असो वा नसो.