खिळ्यांचा जादूगार : शंकर आबाजी भिसे

आज लग्नपत्रिका मोबाइलवर येते. पण आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना जुना छापखाना आठवत असेल. कंपोझिटर खणांच्या लाकडी पेटीतून शिशाचा एकेक खिळा उचलायचा आणि अक्षराला अक्षर जोडून ओळ उभी करायचा. काना, मात्रा, जोडाक्षरे यांचे खिळे वेगळे, म्हणून मराठीची पेटी इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी. हे खिळे झटपट ओतणारे यंत्र बनवून लंडनच्या जाणकारांना चकित करणारा माणूस मराठी होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. इंजिनीअरिंगचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. यंत्रविद्या ते शिकले ती 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातून. म्हणजे बघा, मास्तर अमेरिकेत, विद्यार्थी मुंबईत आणि शाळा टपालातून! चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करणारे छोटे उपकरण केले होते. पुढे सरकारी हिशेब खात्यात नोकरी धरली, पण दिवसा आकडेमोड आणि उरलेल्या वेळात खटपट, असा क्रम सुरू राहिला. मुंबईत त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले. सामान्य वाचकाला शास्त्र कळावे म्हणून 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिकही चालवले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते किराणा दुकानाच्या तराजूमुळे. लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली होती. पीठ, साखर असा सुटा माल आपोआप मोजून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांनी मुंबईतून आराखडा पाठवला आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून पहिले बक्षीस मिळवले. या यशाच्या बळावर शतक संपता संपता ते लंडनला गेले. दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींकडे त्यांची शिफारस केली होती. दादाभाईंनी या तरुणाला नुसता आशीर्वाद दिला नाही, पैसाही उभा करून दिला. हिंदी माणसात यंत्रबुद्धी नाही असे म्हणणाऱ्यांना हे परस्पर उत्तर मिळत होते.

लंडनमध्ये भिसे यांनी जाहिरातीचे विजेवर चालणारे यंत्र केले, ते क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात मांडले गेले. स्वयंपाकघरातली उपकरणे केली. पण त्यांचा जीव अडकला होता खिळ्यांच्या यंत्रात. त्याचे नाव 'भिसोटाइप'. खिळा ओतायचा म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनीचा वितळलेला रस साच्यात सोडायचा, तो थिजेपर्यंत थांबायचे, मग पुढचा खिळा. त्या काळची यंत्रे मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे काढत. भिसे यांच्या यंत्राचा वेग हजारांत मोजला जात होता. लंडनच्या नामांकित कॅस्लन कंपनीच्या तज्ज्ञांना तर असे यंत्र होऊच शकत नाही असे वाटले होते.

यंत्र चालले, पण भांडवल मिळाले नाही. बँकेत आयुष्य काढल्यामुळे हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो. दादाभाईंचे मित्र हिंडमन यांनी १९०७ साली १५ हजार पौंड उभे करण्याची आशा दाखवली, पण वर्ष संपता संपता हात वर केले. १९०८ च्या डिसेंबरात भिसे सगळा गाशा गुंडाळून परतीच्या बोटीत बसले. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते! ओळख झाली, गोखल्यांनी जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला आणि १९१० मध्ये 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट' उभे राहिले. (हे रतन टाटा वेगळे, आपल्या काळातले नव्हेत.) पुढे महायुद्ध पेटले आणि १९१५ मध्ये सिंडिकेटही बंद पडले.

दुसरा कोणी असता तर पेन्शनीची वाट धरून गप्प बसला असता. भिसे मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेला निघाले. १९१६ पासून न्यूयॉर्क हेच त्यांचे घर झाले. तिथे खिळ्यांचे यंत्र त्यांनी आणखी सुधारले. कपडे धुण्याचे एक रसायन तयार केले. आयोडिनापासून 'अ‍ॅटोमिडीन' नावाचे औषध काढले, ते बरीच वर्षे विकले गेले. त्यांचे शोध २०० च्या घरात आणि पेटंटे ४० च्या आसपास सांगतात. अमेरिकन लोक त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हणू लागले आणि १९३० च्या डिसेंबरात खुद्द एडिसनशी त्यांची भेटही झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले.

एडिसनचे नाव आपल्या नातवंडांना पाठ आहे, भिसे यांचे नाही. याचे कारण माझ्या मते बुद्धीत नाही, पाठबळात आहे. एडिसनमागे त्याच्या देशाचा पैसा आणि बाजार उभा राहिला. भिसे यांच्यामागे एक दादाभाई, एक गोखले, एक टाटा, म्हणजे चार भली माणसे होती. भल्या माणसांवर एक शोध निघतो, कारखाना उभा राहायला अनेकांचा हात लागतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. २५ वर्षांपूर्वी एकट्याला न झेपणारे घर आपण सगळ्यांनी मिळून उभे केले. तशीच थोडी वर्गणी काढून सोसायटीच्या कार्यालयात मुलांसाठी एक कपाट ठेवता येईल. त्यात विज्ञानाची दोन मासिके, पक्कड, पेचकस, तारा, जुन्या मोटारी. लाखनीचे पोर शिकायला नागपूर-पुण्याला जाईल, तिथून परदेशीही जाईल, त्याला कोण अडवणार? पण खटपटीची सवय त्याला इथेच लागली तर बरे. पंखा उघडून बसलेल्या पोराला रागावण्याआधी भिसे यांना आठवावे, एवढीच माझी सर्व सभासदांना विनंती.