डॉ. अर्नेस्ट स्टार्लिंग

ज्यांचें चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहोंत, त्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या घराचा आपल्या मुंबईशीं संबंध होता. त्यांचा जन्म १८६६ सालीं लंडन येथें झाला. वडील बॅरिस्टर, नोकरीनिमित्त ते मुंबईस असत व कित्येक वर्षांनीं एकदां घरीं येत. मुलांना वळण लावण्याचा भार आईवर पडला.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत वैद्यक शिकून ते १८९२ सालीं ब्रेस्लौ येथें हायडेनहाइन या थोर आचार्यांकडे गेले. केशवाहिन्यांच्या पेशीच लसीका निर्माण करतात, असें आचार्यांचें मत होतें. प्रयोगांतीं शिष्यास तें पटेना. १८९६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, रक्ताचा दाब पाणी वाहिनीबाहेर लोटतो व रक्तांतील प्रथिनें तें आंत ओढून धरतात; या दोहोंच्या तोलावर शरीरांतील पाण्याची वांटणी अवलंबून असते.

फुप्फुसांतील रक्तदाब फार कमी असल्यामुळें तीं पाण्यानें भरत नाहींत. परंतु तेथील रक्तप्रवाह कांहीं काळ तुटून पुन्हां सुरू झाला, तर वाहिन्यांच्या भिंती दुखावतात, वायुकोशांत पाणी शिरतें, आणि रोगी अंथरुणावर असतांनाच बुडणाऱ्या माणसाप्रमाणें श्वासासाठीं तडफडतो.

हें पाणी निघतें कसें? याचें उत्तर केवळ स्टार्लिंग यांच्या नियमांत सांपडत नाहीं. शेतांत पाणी तुंबलें, तर इस्लापूरचा शेतकरी तें आपोआप आटण्याची वाट पाहत नाहीं; चर खणून काढून देतो. वायुकोशांच्या पेशीही सोडियम बाहेर लोटतात व त्यामागोमाग पाणी जातें, असें १९८२ सालच्या सुमारास मेंढ्यांवरील प्रयोगांनीं दिसून आलें. १९९१ सालीं तर फुप्फुसाचा रक्तप्रवाह बंद असतांही हें काम चालू राहतें, असें आढळलें. मात्र त्या पेशीच जखमी झाल्या, तर रोग्याचा जीव धोक्यांत येतो.

१९०२ सालीं मेहुणे बेलिस यांच्यासह स्टार्लिंग यांनीं सिक्रेटिनचा शोध लावला. १९०५ सालीं हॉर्मोन हा शब्द प्रचारांत आणला. २ मे १९२७ रोजीं जमेकाजवळ जहाजावर त्यांचें देहावसान झालें.

गुरूचें मत त्यांनीं प्रयोगाच्या कसोटीस लावलें. पुढें त्यांचा नियमही तसाच कसास लागला व अपुरा ठरला, तरी खोटा ठरला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनींही पुस्तकांतील वाक्य पाठ करून न थांबतां, तें खरें कशावरून, असें विचारण्याची संवय लावून घ्यावी, व पालकांनीं त्या प्रश्नांस कंटाळूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.