वजन फक्त ४० किलो उरलं होतं, तेव्हा विनोबांनी पवनारच्या पुलावर सगळं सोडून दिलं

गोष्ट १९३८ सालची. वर्ध्यात आश्रम चालवणाऱ्या विनोबा भाव्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम ४० किलो. वय अवघं ४२. लोकांना वाटायला लागलं की हा माणूस आता काही जगत नाही.

बातमी सेवाग्रामला गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी बोलावून घेतलं आणि थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवलं. विनोबा म्हणाले, एवढ्या लांब कशाला, पवनारला जमनालाल बजाजांचा बंगला रिकामाच आहे. गांधीजींनी अट घातली, की आश्रमाची सगळी काळजी इथेच ठेवून जायची.

आता विनोबा म्हणजे पक्का गणिती डोक्याचा माणूस. पण आयुष्याची मोठी वळणं त्यांनी हिशोब मांडून घेतलीच नव्हती. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा पोरगा मध्येच सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. घरी कळलं ते नंतर.

७ मार्च १९३८ ला मोटार धाम नदीच्या पुलावर आली. विनोबांनी मनातल्या मनात तीनदा म्हटलं की मी सगळं सोडलं. आणि खरंच सोडलं.

पवनारला ते रोज शेतात खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत तासांवर. मनाने काळजी टाकली, पण शरीराला मात्र मोजूनमापून काम दिलं. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढलं. खणताना भरत-राम भेटीची जुनी मूर्तीही सापडली, ती आजही आश्रमात आहे. १९४० मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून याच माणसाला निवडलं.

पण खरी परीक्षा १८ एप्रिल १९५१ ला झाली. तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सहज गावकऱ्यांना विचारलं, तर रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊन टाकली.

त्या रात्री विनोबांना धड झोप लागली नाही. डोक्यात गणित सुरू झालं. देशातल्या सगळ्या भूमिहीनांसाठी अशी जमीन मागायची तर पाच कोटी एकर लागतील. एवढी जमीन मागून मिळते का कुठे? आकडा बघून भीती वाटली. पण आतून वाटलं, की इथे घाबरलो तर अहिंसेवरचा विश्वासही सोडावा लागेल. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जमीन मागायला सुरुवात केली.

पुढे १३ वर्षं ते देशभर पायी फिरले. ४० लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यातली बरीच नापीक निघाली, काही कोर्टकचेरीत अडकली, काही वाटलीच गेली नाही. म्हणजे त्या रात्रीची भीती अगदीच खोटी नव्हती. पण ज्यांच्या नावावर सातबारा झाला, त्यांच्यासाठी तो पाच कोटींचा हिशोब कधी नव्हताच.

१९६४ मध्ये विनोबा पदयात्रा संपवून परतले, ते पुन्हा पवनारलाच.