टॉम किलबर्न : संगणकाच्या स्मृतीचे शिल्पकार

पुरुषोत्तमनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात उसाच्या गाडीचे वजन संगणकावर नोंदवले जाते, तेव्हा तो आकडा प्रथम स्मृतीतील एका ‘पाना’वर चढतो. तो डिस्कवर उतरण्यापूर्वीच वीज गेली, तर नोंद नाहीशी होते. म्हणूनच कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कोणते पान बदलले याची खूण ठेवत असतो. स्मृतीची अशी पाने पाडणाऱ्या ‘अ‍ॅटलास’ संगणकाचे प्रमुख शिल्पकार होते टॉम किलबर्न.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील ड्यूजबरी येथे ११ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेऊन १९४२ साली ते रडार संशोधनात दाखल झाले. तेथील वरिष्ठ फ्रेडरिक विल्यम्स यांच्यासमवेत युद्धानंतर ते मँचेस्टर विद्यापीठात आले. कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर विद्युतभाराच्या ठिपक्यांनी माहिती साठवण्याची पद्धत दोघांनी सिद्ध केली. हे ठिपके क्षणार्धात विरत. ते सतत वाचून पुन्हा लिहावे लागत. अशा स्मृतीवर २१ जून १९४८ रोजी किलबर्न यांची आज्ञावली ५२ मिनिटे चालली आणि अचूक उत्तर मिळाले. स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत आज्ञावली साठवून चालणारा तो पहिला संगणक होय.

पुढचा प्रश्न जागेचा होता. वेगवान स्मृती महाग व तोकडी, तर चुंबकीय ड्रम मोठा पण संथ. दोहोंमधील ने-आण आज्ञावली लिहिणाऱ्यालाच आखावी लागे. ७ डिसेंबर १९६२ रोजी कार्यान्वित झालेल्या ‘अ‍ॅटलास’ने ५१२ शब्दांची पाने करून हे काम यंत्राकडे सोपवले. कोणते पान वापरात आहे याची नोंद ठेवून, लवकर न लागणारे पान ड्रमवर धाडले जाई.

नंतरच्या यंत्रांत आणखी एक खूण आली, ती बदललेल्या पानाची. केवळ वाचलेल्या पानाची प्रत डिस्कवर असतेच, त्यामुळे ते निर्धास्तपणे टाकून देता येते. बदललेले पान मात्र आधी उतरवावे लागते. ही खूण नसेल, तर प्रत्येक पान पुन्हा लिहीत बसावे लागेल, नाहीतर नवी नोंद गमवावी लागेल.

१९६४ साली मँचेस्टरमध्ये ब्रिटनमधील पहिला संगणकशास्त्र विभाग किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. १७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी पाडलेली पाने आज जगभरच्या संगणकांत उलटली जात आहेत.