गास्पार मोंज

शत्रूने समोरच्या टेकडीवरून तोफ डागली, तरी किल्ल्यातील शिपायांस गोळा लागू नये, अशी तटबंदी बांधावी लागे. भिंत कोठे किती उंच हवी, हे ठरविण्यासाठी अठराव्या शतकातील युरोपात आकडेमोडीची पानेच्या पाने भरत. हे कष्ट एका तरुणाने भूमितीच्या बळावर वाचविले.

गास्पार मोंजचा जन्म फ्रान्समधील बोन या गावी 1746 साली एका लहानशा व्यापाऱ्याच्या घरी झाला. अठराव्या वर्षी मोजणीची साधने स्वतःच तयार करून त्याने आपल्या गावाचा मोठा नकाशा काढला. तो पाहून एका लष्करी अधिकाऱ्याने त्याची शिफारस मेझिएर येथील लष्करी अभियंत्यांच्या विद्यालयाकडे केली. परंतु अधिकारी होण्याचा मान तेथे उमरावांच्या मुलांनाच मिळे. गास्पारच्या वाट्याला आली ती नकाशे व नमुने करण्याची कारागिरी.

एकदा त्याला तटबंदीचे गणित सोडविण्यास सांगितले. त्याने उत्तर इतक्या लवकर आणले, की अधिकाऱ्याने ते तपासण्याचेच नाकारले! गास्पार मात्र हटला नाही. अखेर कागद तपासला गेला. उत्तर बिनचूक होते.

त्याची युक्ती समजण्यासाठी एक घागर डोळ्यांपुढे आणा. वरून पाहिली तर नुसती वर्तुळे दिसतात. समोरून पाहिली तर पोट, गळा व काठ दिसतात. एका चित्रात तिचे पूर्ण रूप येत नाही. समोरचे चित्र भिंतीवर व वरचे जमिनीवर पडले आहे, अशी कल्पना मोंजने केली. मग भिंत आडवी करून जमिनीशी सपाट केली. दोन्ही चित्रे एकाच कागदावर आली! आता पट्टी व कंपास यांनी वस्तूची खरी लांबी, खरा कोन काढता येऊ लागला.

मोंज त्याच विद्यालयात शिक्षक झाले. पण त्यांची रीत लष्करी गुपित ठरली. बाहेर तिचा उच्चारही करण्याची मुभा नव्हती. राज्यक्रांतीनंतर, 1795 साली, पॅरिसमध्ये त्यांनी ती सर्वांसमोर शिकविली. इकोल पॉलिटेक्निक या नामांकित विद्यालयाच्या संस्थापकांतही ते होते. आज यंत्राचा भाग संगणकात आकार घेतो, बारीक त्रिकोणांचे जाळे विणून त्याची ताकदही आधीच अजमावतात. तरी कारागिराच्या हातातील आराखड्यात समोरचे व वरचे दृश्य बहुधा असतेच.

मोंज नेपोलियनचे स्नेही होते. त्याच्या पतनानंतर, 1816 साली, नव्या राजवटीने त्यांना विज्ञान अकादमीतून काढून टाकले. 1818 साली ते वारले, तेव्हा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची परवानगी मिळाली नाही. त्यांनी हुकूम पाळला. आणि मागाहून ते सारे मिळून आपल्या गुरूच्या थडग्यापाशी गेले.