आकड्यांत न मावलेला खेळाडू : हॉवी मोरेन्झ

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद उभे राहतात. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे भारताने हॉकीतले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, त्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. त्याच वर्षी दूर कॅनडात वेगळ्या प्रकारच्या हॉकीत आणखी एक नाव गाजत होते. ही हॉकी बर्फावर, पायात स्केट घालून खेळतात आणि तिच्यात चेंडूऐवजी रबराची चकती असते. ते नाव होते हॉवी मोरेन्झ. आजकाल खेळाची चर्चा गुणतक्ता, बोली आणि मानधन यांभोवतीच फिरते, म्हणून या अंकासाठी आम्ही त्यांचे चरित्र मुद्दाम निवडले आहे.

मोरेन्झ यांचा जन्म १९०२ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील मिचेल या लहान गावी झाला. पुढे कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्डला राहावयास गेले. तेथे ते रेल्वेच्या कारखान्यात काम शिकत आणि हॉकी खेळत. १९२३ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाने त्यांच्याशी करार केला. पण घर सोडून मोठ्या शहरात जाण्याची त्यांना धास्ती वाटली व त्यांनी मिळालेला धनादेश परत पाठवला. संघमालक लिओ डँड्युरँड यांनी करार मोडू दिला नाही. मोरेन्झ मॉन्ट्रियलला गेले आणि पहिल्याच हंगामात, १९२४ साली, संघाने स्टॅन्ली चषक जिंकला.

त्यांचा वेग विलक्षण होता. १९२९-३० च्या हंगामात त्यांनी ४४ सामन्यांत ४० गोल केले. १९३० व १९३१ असा सलग दोनदा चषक पुन्हा मॉन्ट्रियलला आला. राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये संघाला सर्वांत मोलाचा ठरणाऱ्या खेळाडूला हार्ट करंडक देतात. तो त्यांना १९२८, १९३१ आणि १९३२ असा तीन वेळा मिळाला.

पण त्याच सुमारास जगभर आर्थिक मंदी आली होती. तिकिटे खपेनात. खर्च आवरण्यासाठी लीगने वेतनावर मर्यादा घातली. एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून ६२,५०० डॉलर आणि एका खेळाडूवर ७,००० डॉलर यापेक्षा जास्त खर्च करू नये, इथपर्यंत ही मर्यादा खाली आणली गेली. महागडे खेळाडू ठेवणे काही संघांना जड झाले व त्यांना दुसरीकडे देऊन टाकण्यात आले. आपल्याकडे आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की त्या काळी खेळाडूला कोणी विचारत नसे. मालकांनी आपसांत ठरवले की खेळाडूने सामान बांधायचे.

मोरेन्झ यांना दुखापतींनी गाठले. १९३३-३४ मध्ये त्यांचे केवळ ८ गोल झाले. ज्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांच्यातलेच काही जण हुर्यो करू लागले. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यांना आणखी दोन खेळाडूंसह शिकागोला पाठवण्यात आले आणि तिकडचे तीन खेळाडू मॉन्ट्रियलला आले. कागदावर हिशोब बरोबर होता. पण शिकागोच्या संघातून मॉन्ट्रियलमध्ये खेळताना मोरेन्झ यांनी गोल केला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. गोल त्यांच्याच संघाविरुद्ध झाला होता! जानेवारी १९३६ मध्ये त्यांची पुन्हा बदली झाली, या वेळी न्यूयॉर्कला.

आता गुणतक्ता पाहू. विजयाला २ गुण, बरोबरीला १. १९३५-३६ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने ४८ पैकी ११ सामने जिंकले, ११ बरोबरीत सोडवले. एकूण ३३ गुण आणि आपल्या गटात शेवटचा क्रमांक. पुढच्या हंगामासाठी मोरेन्झ यांना परत आणले गेले आणि २४ विजय, ६ बरोबरी अशा ५४ गुणांसह संघ गटात पहिला आला. हे सारे श्रेय एकट्या मोरेन्झ यांचे नव्हते. बेब सीबर्ट हा उत्तम बचावपटूही त्याच वर्षी संघात आला होता, आणि मोरेन्झ यांनी स्वतः ३० सामन्यांत ४ गोलच केले. पण सहकाऱ्यांना त्यांनी अनेक गोल करून दिले. आपल्या घरी परतलेला माणूस खेळत होता, हे सर्वांना दिसत होते.

२८ जानेवारी १९३७ रोजी शिकागोविरुद्धच्या सामन्यात त्यांचे स्केट कडेच्या फळीत अडकले, प्रतिस्पर्धी अंगावर कोसळला आणि पाय मोडला. ८ मार्च रोजी रुग्णालयातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३४. ११ मार्चला मॉन्ट्रियलच्या फोरम क्रीडागृहात, जेथे ते खेळत असत तेथेच, त्यांचे पार्थिव ठेवण्यात आले. सुमारे ५० हजार लोकांनी अंत्यदर्शन घेतले असे सांगतात. त्यांचा ७ क्रमांक संघाने पुन्हा कोणालाही दिला नाही.

पुढे १९६७ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. आज अनुभवी खेळाडू आपल्या संमतीशिवाय बदली होणार नाही अशी अट करारात घालून घेऊ शकतात. वेतनमर्यादेच्या वादात २००४-०५ चा पूर्ण हंगाम रद्द झाला, आणि २००५ पासून प्रत्येक संघावर ३९ दशलक्ष डॉलरची मर्यादा आली, जी नंतर वाढत गेली. मर्यादा असणे वाईट नाही. तिच्यामुळे श्रीमंत संघच सारे चांगले खेळाडू पळवू शकत नाही. पण माणसाला विचारल्यावाचून त्याची किंमत ठरवणे योग्य नव्हे.

आपल्या शाळेतही आंतरशालेय स्पर्धांसाठी संघ निवडले जातात, कोणाला घेतले जाते, कोणाला वगळले जाते. पालकांना व विश्वस्तांना आमची विनंती आहे की निकाल विचारण्याआधी मुलाला खेळ कसा झाला ते विचारावे. सूचनाफलकावर यंदापासून गुणांच्या खाली सर्व खेळाडूंची नावे लावण्याचा आमचा विचार आहे, राखीव खेळाडूंचीही. आणि ज्याला संघातून वगळायचे आहे, त्याला ते फलकावरून कळण्याआधी शिक्षकांनी स्वतः बोलावून सांगावे, असे आम्ही ठरवले आहे.